पासबुकातली बेरीज म्हणजे उत्पन्न नव्हे: यूट्यूबच्या कमाईवरचा आयकर

माझी भाची इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या घरी, ओट्यासमोर ट्रायपॉड लावून चॅनल चालवते. माळव्यातल्या मराठी घरांत जे शिजतं ते दाखवते. भुट्ट्याचा कीस, गराडू, चिंच-गुळाची आमटी, दिवाळीचे अनारसे, आणि पोह्यांवर जिरावण किती भुरभुरायचं यावर एक अख्खा व्हिडिओ. गेल्या एप्रिलमध्ये ती रामबागेतल्या माझ्या ऑफिसचा जिना चढून आली, पासबुक उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मामा, मीच बेरीज करून आणलीय. वर्षाचे नऊ लाख सहासष्ट हजार. एवढे लिही आणि रिटर्न भरून टाक."

बेरीज बरोबर होती, मी दोनदा तपासली. आकडा मात्र चुकीचा होता.

यात तिचा दोष नाही. आमच्याकडचं मराठी घर म्हणजे बहुतेक नोकरदार घर. तिचे वडील वीज मंडळात, आजोबा बँकेत. पगार खात्यात जमा झाला की ते उत्पन्न, कर ऑफिसनं आधीच कापलेला, जूनमध्ये फॉर्म १६ हातात आणि जुलैत रिटर्न. तीन पिढ्या याच सवयीवर निघाल्या. सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही की गल्ला वेगळा, विक्री वेगळी आणि नफा वेगळा. नोकरदाराच्या पोरीला ते शिकवावं लागतं, कारण चॅनल सुरू झालं त्या दिवशी ती नोकरदार राहिली नाही, धंदेवाईक झाली. आयकर कायदाही तिला तसंच बघतो. नियमित व्हिडिओ टाकून मिळणारी कमाई 'धंदा किंवा व्यवसाय' या सदरात जाते. एखाद्यानं लग्नाचा मजेशीर व्हिडिओ टाकला आणि एकदाच चार पैसे आले, तर गोष्ट वेगळी. दर आठवड्याला दोन व्हिडिओ टाकणाऱ्यानं 'हा माझा छंद आहे' म्हणू नये.

खात्यात न आलेले ८८ हजार

तिच्या २०२५-२६ या वर्षाचा हिशेब मी तिच्यासमोर कागदावर मांडला. तोच इथे मांडतो.

आधी यूट्यूब. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या पैशातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात, बाकी यूट्यूब ठेवतं. ते बाकीचे पैसे तुमचे कधीच नव्हते, तेव्हा त्यांचा विचार करायचा नाही. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलच्या हिशेबाच्या पानावर, दिसतो तो तुमचा वाटा. पण त्या वाट्यातूनही खात्यात येण्याआधी एक कात्री लागते आणि ती अनेकांना माहीतच नसते. जून २०२१ पासून गूगल अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर कापतं. भारत आणि अमेरिका यांच्यात करार असल्यामुळे तो १५ टक्के लागतो, आणि तोही फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर. अट एवढीच की अ‍ॅडसेन्सच्या, म्हणजे गूगल जिथून पैसे देतं त्या, खात्यात जाऊन डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरलेला हवा. त्यात आपला पॅन टाकायचा आणि भारताचा रहिवासी म्हणून कराराचा लाभ मागायचा. फॉर्म भरलाच नाही तर जगभरच्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कात्री चालू शकते.

भाचीची यूट्यूबची वर्षाची कमाई ७,२०,००० रुपये. तिच्या पुरणपोळीला तिकडच्या मराठी मंडळींत बरी मागणी असल्यामुळे त्यातले १,६०,००० अमेरिकेतले. त्यावर १५ टक्के म्हणजे २४,००० कापले गेले आणि खात्यात आले ६,९६,०००. फॉर्म भरला नसता तर १,७२,८०० पर्यंत गेले असते. दहा मिनिटांचं काम. फॉर्म तीनेक वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, कारण ईमेल आली तरी आपण ती वाचत नाही.

रिटर्नमध्ये मात्र लिहायचे ७,२०,०००. कापलेला कर हा तुमच्याच कमाईतून तुमच्या वतीनं भरलेला कर आहे, तो आधी तुमचाच पैसा होता.

दुसरी कात्री देशी. मसाल्याच्या, तेलाच्या, भांड्यांच्या कंपन्यांनी तिला वर्षभरात व्हिडिओसाठी ३,००,००० दिले. पण त्यांनी १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला, म्हणून हातात आले २,७०,०००. इथंही लिहायचे तीन लाखच. व्यावसायिक सेवेच्या कलमाखाली, म्हणजे १९४जे खाली, एका कंपनीनं वर्षात ५०,००० पेक्षा जास्त दिले की १० टक्के कापले जातात. काही कंपन्या याच कामाला जाहिरातीचं कंत्राट समजून १ टक्काच कापतात. कोणी किती कापले यावर तुमचं उत्पन्न बदलत नाही, फक्त आधी भरलेला कर कमी-जास्त होतो. तेव्हा 'त्यांनी एकच टक्का कापला, म्हणजे माझा कर कमी' असं समजू नका.

तिसरी गोष्ट खात्याच्या आसपासही फिरकत नाही. ती कुरिअरनं येते.

एका कंपनीनं तिला ओव्हन पाठवला, किंमत २६,०००. दुसरीनं मिक्सर, ८,०००. दोन्ही तिनं व्हिडिओत वापरले आणि दोन्ही आता घरात आहेत. तिच्या मते ती 'गिफ्ट' होती. कायद्याच्या मते धंद्यातून मिळालेला कोणताही लाभ, मग तो वस्तूत असो की पैशात, धंद्याचंच उत्पन्न. राखीला भावानं दिलेलं पाकीट ही भेट. व्हिडिओच्या बदल्यात आलेला मिक्सर हा मोबदला. १ जुलै २०२२ पासून १९४आर हे कलम लागू झालं. एका कंपनीनं वर्षात २०,००० पेक्षा जास्त किमतीच्या वस्तू किंवा सोयी दिल्या तर त्यावर १० टक्के कर भरल्याशिवाय वस्तू सोडायची नाही. वस्तूतून पैसे कापणार कसे? म्हणून कंपनी एक तर स्वतः भरते, नाही तर तुम्हाला सांगते, आधी अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं, म्हणजे आगाऊ कराचं, चलान भरा आणि प्रत पाठवा. ओव्हनवाल्यांनी तिच्याकडून २,६०० चं चलान मागितलं तेव्हा तिनं मला फोन केला होता, "मामा, फुकट वस्तूवर पैसे मागतायत, फसवणूक तर नाही ना?" नव्हती.

मिक्सर २०,००० च्या आत, म्हणून त्यावर काही कापलं गेलं नाही. पण कापलं नाही म्हणजे मोजायचं नाही असं नव्हे. इथे बरेच जण घसरतात. वीस हजारांची मर्यादा कंपनीनं कर कापण्यासाठी आहे, तुमच्या उत्पन्नासाठी नाही.

पळवाट म्हणा किंवा सोय, एक आहे. वस्तू व्हिडिओसाठी वापरून परत पाठवली तर तो लाभ धरला जात नाही. आयकर खात्याच्या जून २०२२ च्या परिपत्रकात सोशल मीडियावरच्या लोकांचं हेच उदाहरण आहे. गाडी, मोबाइल, कॅमेरा असल्या महागड्या वस्तू 'रिव्ह्यू'साठी येतात तेव्हा परत पाठवल्याची कुरिअरची पावती जपून ठेवा. ती पावती तुमचा करच वाचवते.

आता बेरीज. ७,२०,००० अधिक ३,००,००० अधिक वस्तूंचे ३४,०००, एकूण १०,५४,०००. पासबुकात ९,६६,०००. मधले ८८,००० तिच्या हातात नोटांच्या रूपानं कधी आलेच नाहीत, तरी ते तिचं उत्पन्न. कागदाकडे पाहून ती गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी दहा लाख कमावते?" हे वाक्य घरी जाऊन आईला सांगायला ती उठायला लागली होती. मी म्हटलं, बस, अजून अर्धा हिशेब बाकी आहे.

एप्रिलमध्ये रिटर्न भरू नका

त्या दिवशी मी तिला परत पाठवलं. कंपन्या जानेवारी ते मार्चचा टीडीएस भरतात, त्याचं विवरण मे अखेरपर्यंत देतात, आणि मग जूनमध्ये तो तुमच्या नावावर दिसायला लागतो. तोवर २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराची यादी) आणि एआयएस अर्धवट असतात. एआयएस म्हणजे खात्याकडे तुमच्याबद्दल जमलेली माहिती: कोणी किती दिले, किती कापले, बँकेनं व्याज किती दिलं. रिटर्न भरण्याआधी ते उघडून बघणं ही माझ्या मते एकमेव गोष्ट आहे जी कोणत्याही सीएशिवाय प्रत्येकानं करावी.

जूनमध्ये उघडलं तर ब्रँडच्या नावावर ३,४०,००० दिसले, आम्ही तर तीन लाख धरले होते. भाची घाबरली. कारण साधं होतं. एका कंपनीनं मार्चमध्ये बिल नोंदवून ४०,००० वर ४,००० कापले आणि पैसे दिले एप्रिलमध्ये. आम्ही पहिल्या वर्षापासून 'पैसे हातात आले तेव्हा उत्पन्न' ही पद्धत धरलीय. ती चालते, फक्त दरवर्षी तीच ठेवावी लागते. सोयीनुसार एका वर्षी बिलाची तारीख आणि दुसऱ्या वर्षी बँकेची, असं नाही चालत. तर ते ४०,००० पुढच्या वर्षात, आणि त्यावरचा ४,००० चा टीडीएसही रिटर्नमध्ये 'पुढे ओढून' पुढच्या वर्षीच मागायचा. यूट्यूबचंही तसंच. मार्चची कमाई २१ ते २६ एप्रिलच्या दरम्यान येते.

यूट्यूबकडून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा कागद, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा दाखला, डाउनलोड करून ठेवायला सांगितलं. पुढे जीएसटीत तो लागतोच.

शिजवलेलं खाल्लं कोणी?

आता उलट्या बाजूनं. १०,५४,००० ही जमा झाली. कर लागतो तो नफ्यावर, म्हणजे यातून धंद्याचा खर्च वजा करून उरेल त्यावर. आणि इथं क्रिएटर लोक दोन टोकांना असतात. काही जण काहीच खर्च दाखवत नाहीत, 'सरकार विचारेल' म्हणून. काही जण श्वास घेतलेली हवासुद्धा लिहितात.

भाची जुलैत बिलांची पिशवी घेऊन आली. सगळ्यात वर सियागंजातलं किराण्याचं बिल, वर्षाचं मिळून १,३५,०००. "मामा, हे सगळं व्हिडिओसाठीच."

"शिजवल्यावर खाल्लं कोणी?"

"...आम्हीच."

हा प्रश्न तिच्यासारख्या प्रत्येकीला पडायला हवा. खर्च मान्य होतो तो पूर्णपणे धंद्यासाठी केलेला. घरचा आणि धंद्याचा मिसळला असेल तर वाजवी वाटणी करावी लागते, आणि ती का वाजवी आहे हे सांगता यायला हवं. आम्ही वर्षाचे व्हिडिओ मोजले. प्रत्येक पदार्थ दोन-तीनदा बिघडतो, एकदा नीट होतो, एकदा फोटोसाठी होतो. जे बिघडलं, जे दिव्यांखाली दोन तास वाळलं, ते धंद्याचं. जे ताटात आलं ते घरचं. हिशेबाच्या वहीतून साठ हजार निघाले, तेवढेच धरले. कोणी म्हणेल थोडे जास्त धरले असते तर काय बिघडलं असतं. बिघडलं नसतं कदाचित, पण विचारलं तर दाखवायला वही आहे, आणि मला त्या वहीवर जास्त विश्वास आहे.

साड्यांची बिलं मी बाजूला ठेवली. व्हिडिओत नेसलेली साडी लग्नातही नेसली जाते, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि स्वयंपाकघराच्या नव्या टाइल्स, दोन लाख दहा हजार! "बॅकग्राउंड छान दिसावं म्हणून लावल्या," म्हणाली. घर तिच्या आईचं आहे. मी हसलो, तीही हसली, ते बिल परत पिशवीत गेलं.

मान्य झालं ते असं. व्हिडिओ कापून देणाऱ्या मुलाला महिन्याला ८,००० प्रमाणे ९६,०००. इंटरनेट, फोन आणि विजेतला वाटा २४,०००. महेश्वर, धार, उज्जैनला जाऊन केलेल्या शूटिंगचे ३०,०००. सॉफ्टवेअर, बॅटऱ्या, माइकचे स्पंज वगैरे १९,०००. किराणा साठ. आणि घसारा.

घसारा हा शब्द ऐकून तिचा चेहरा पडला, पण तो सोपा आहे. ऑगस्टमध्ये ८०,००० चा लॅपटॉप घेतला. तो चार-पाच वर्षं चालणार, म्हणून पूर्ण किंमत एकाच वर्षी खर्चात जात नाही. कायदा म्हणतो संगणकावर वर्षाला ४० टक्के, म्हणजे ३२,०००. डिसेंबरमध्ये कॅमेरा, लेन्स आणि दिवे मिळून १,२०,००० ला घेतले. कॅमेऱ्यासारख्या यंत्रावर १५ टक्के, पण वर्ष संपेपर्यंत १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर निम्मेच, म्हणजे साडेसात टक्के, ९,०००. उरलेल्या किमतीवर पुढच्या वर्षी पुन्हा. दिवाळीच्या सेलमध्ये कॅमेरा घेणाऱ्यांना हे कडू लागतं. सप्टेंबर संपायच्या आत घेतला असता तर पूर्ण १५ टक्के मिळाले असते.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जेलरोडवर कॅमेरा स्वस्त मिळतो, पण 'बिल नको, रोख द्या, दोन हजार कमी' यात जाऊ नका. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही, आणि यंत्र असेल तर ती रक्कम किमतीत मोजली जात नाही. दोन हजार वाचवून पूर्ण घसारा घालवायचा. यूपीआयची मर्यादा पुरली नाही म्हणून रोख दिले अशी गोष्टही मी ऐकलीय. बँकेतून ट्रान्सफर करा, सोपं आहे.

खर्चाची बेरीज २,७०,०००. नफा ७,८४,०००. हेच तिचं धंद्याचं खरं उत्पन्न.

बारा लाखांचा गैरसमज

नव्या करपद्धतीत २०२५-२६ साठी पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ वर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि पुढे ३० टक्के. पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर लागलेला कर सवलतीनं पूर्ण माफ होतो. भाचीचा कर १९,२०० निघाला आणि माफ झाला. शून्य.

मग टीडीएसचे ३०,००० आणि ओव्हनच्या चलानाचे २,६०० असे ३२,६०० रुपये परत येणार. पण रिटर्न भरल्याशिवाय नाही. 'कर शून्य तर रिटर्न कशाला' म्हणणाऱ्यांना दोन उत्तरं: उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावाच लागतो, कर माफ झाला तरी. आणि वर्षात टीडीएस २५,००० किंवा जास्त कापला गेला असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, भरावाच लागतो.

१२ लाखांबद्दल दोन गैरसमज फार पसरलेत. एक म्हणजे हे १२ लाख नफ्याचे, जमेचे नाहीत. जमा पंधरा लाख आणि नफा अकरा लाख असेल तर कर शून्य. दुसरा, बातम्यांत ऐकलेले पावणेतेरा लाख. ते पगारदारांसाठी, त्यांना ७५,००० ची सरसकट वजावट मिळते. क्रिएटरला ती नाही. नफा १२,१०,००० झाला तर मात्र एकदम ६१,५०० चा कर पडत नाही, १२ लाखांच्या वर गेलेल्या दहा हजारांएवढाच पडतो, वर ४ टक्के उपकर, म्हणजे १०,४००. एवढी दया कायद्यानं ठेवलीय.

भाचीचे अमेरिकेत गेलेले २४,००० मात्र परत येणार नाहीत. हे तिला पटवायला चहाचे दोन कप गेले. करार सांगतो की एकाच कमाईवर दोनदा कर नको, म्हणून तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा करून मिळतो. पण इथल्या कराइतकाच. इथं कर शून्य असेल तर वजा कशातून करणार? अमेरिकेचा कर भारत सरकार रोखीत परत देत नाही.

ज्यांचं उत्पन्न मोठं आहे त्यांना याचा फायदा होतो. माझ्याकडे एक भिया (इंदुरी बोलीत भाऊ) येतो, सराफ्यात दिवसा दागिने विकले जातात आणि रात्री खाणं, त्या रात्रीच्या खाण्याचे व्हिडिओ काढतो. जमा २६ लाख, नफा १८ लाख. त्याचा कर उपकरासह १,६६,४०० निघतो, म्हणजे सरासरी सव्वानऊ टक्के. अमेरिकेतली कमाई २ लाख, तिकडे कापले ३०,०००. त्या दोन लाखांवरचा इथला कर सरासरीनं सुमारे १८,४९०. दोन्हींतला जो कमी तो मिळतो, म्हणजे १८,४९०. त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो आणि गूगलकडून मिळणारा १०४२-एस हा अमेरिकी दाखला जोडावा लागतो. तो अ‍ॅडसेन्समध्येच येऊन पडतो. परदेशी कराचं क्रेडिट मागायचं असेल तर रिटर्नचा सोपा फॉर्म, आयटीआर-४, चालत नाही, आयटीआर-३ लागतो.

पन्नास टक्क्यांचा मोह

यूट्यूबवरच अनेक जण सांगतात, 'वह्या ठेवू नका, ४४एडीए घ्या, जमेच्या ५० टक्के नफा दाखवा आणि मोकळे व्हा.' ही सोय खरी आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा ठरावीक व्यवसायांसाठी आहे, वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. यूट्यूबवाला त्या यादीत नावानं नाही. पण २०२५-२६ या कर निर्धारण वर्षापासून (म्हणजे २०२४-२५ च्या कमाईपासून) रिटर्नच्या फॉर्ममध्ये 'सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर' हा वेगळा कोड आला, १६०२१, आणि तो आयटीआर-३ आणि ४ दोन्हींत आहे. त्यामुळे आता बरेच सल्लागार ही सोय बिनधास्त देतात. काही जण त्याला धंदा समजून ४४एडी लावतात, ज्यात डिजिटल जमेच्या फक्त ६ टक्के नफा दाखवला तरी चालतो. माझ्या मते हे दुसरं धाडस आहे. स्वतःच्या चेहऱ्यावर आणि कौशल्यावर चालणाऱ्या चॅनलमध्ये शंभरातले चौऱ्याण्णव खर्च झाले कसे, असं कोणी विचारलं तर तोंड कसं दाखवणार?

भाचीसाठी मी ५० टक्केही घेतले नाहीत. घेतले असते तर नफा ५,२७,००० दिसला असता. कर दोन्हीकडे शून्यच. मग फायदा काय? उलट तिला दोन वर्षांत फ्लॅट घ्यायचाय, आणि बँक कर्ज देताना रिटर्नमधला आकडा बघते. पाच सत्तावीसवाल्याला आणि सात चौऱ्याऐंशीवाल्याला एकच कर्ज मिळत नाही. शिवाय वहीची सवय आत्ता लागली नाही तर पुढे लागणार नाही.

त्या भियाची वही नव्हती आणि त्यानं अ‍ॅडव्हान्स टॅक्सही भरला नव्हता. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त राहत असेल तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. नाही भरला की महिन्याला एक टक्का व्याज. त्याचे टीडीएस आणि अमेरिकेचं क्रेडिट जाऊन १,०७,९०० च्या आसपास राहत होते, जुलैत रिटर्न भरताना व्याजाचे साडेनऊ-दहा हजार वर गेले. म्हणाला, "भिया, इतने में तो पूरा सराफा खा लेता." खरं आहे. ४४एडीएसारखी अनुमानित पद्धत घेणाऱ्यांना एकच हप्ता असतो, १५ मार्च, हा मात्र तिचा खरा फायदा.

जीएसटीचं थोडक्यात. वर्षाची एकूण जमा २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि यूट्यूबचे डॉलर निर्यात म्हणून शून्य दरानं धरले जात असले तरी ते या वीस लाखांत मोजले जातात. नोंदणी झाली की दरवर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरायचं म्हणजे डॉलरच्या कमाईवर कर भरून परत मागायची कटकट नको. देशी ब्रँडच्या बिलावर १८ टक्के लावायचे. भाची अजून त्यापासून लांब आहे.

आणखी एक प्रश्न रामबागेत दर महिन्याला कोणी तरी विचारतं: मुलाचं चॅनल आहे, वय बारा, पैसे कोणाचे? सामान्यपणे अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाचं उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. पण मुलानं स्वतःच्या कलेतून किंवा कौशल्यातून कमावलेलं याला अपवाद आहे, ते त्याचंच राहतं आणि त्याच्या नावानं पालक रिटर्न भरू शकतात. तबला वाजवणारा मुलगा असेल तर हे सरळ आहे. खेळणी उघडून दाखवणाऱ्या चॅनलमध्ये कॅमेरा, लिखाण, संपादन सगळं बाबाच करत असतील, अ‍ॅडसेन्स बाबांच्या पॅनवर असेल, तर कमाई मुलाची म्हणणं जड जातं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा, २०२५ लागू झालाय. 'कर निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं आणि कलमांचे आकडे बदलले. २०२५-२६ चा हिशेब मात्र जुन्याच कायद्यानं होतो, म्हणून वरचे आकडे जुने ठेवलेत. पुढच्या वर्षी कोणी तुम्हाला १९४जे ऐवजी दुसरंच काही सांगितलं तर गोंधळू नका.

जुलैत पाऊस सुरू झाला होता. रिटर्न भरून झाला, ओटीपी टाकला, ३२,६०० चा परतावा दिसला. भाचीनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला, आत भुट्ट्याचा कीस, वर ओलं खोबरं. माझी फी. जिना अर्धा उतरल्यावर तिचा आवाज आला, "मामा, हा घरच्या किराण्यातला आहे हं, चॅनलच्या नाही!"